मामाच्या गाडीचे लाल ब्रेक

ब्रेकला रंग लावतात, हे तुमसरच्या वासुदेवराव गिऱ्हेपुंजे सरांना पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि झालं नसतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. सर चित्रकलेचे मास्तर. रंगांशी त्यांचा संबंध जुना. पण तो कागदापर्यंत, फार तर शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारापर्यंत. मोटारीच्या चाकात डोकं घालून रंगकाम करायची वेळ त्यांच्यावर आली ती धाकट्या बहिणीच्या मुलाचं लग्न जमलं म्हणून.

बहीण शकुनबाई सिहोऱ्याला दिलेली. तिचा प्रितम नवरदेव होणार आणि वरात वरठीला जाणार, हे ठरलं त्याच बैठकीत तिनं भरल्या घरात जाहीर करून टाकलं, "माहा पोरगा त्याच्या मामाच्या गाडीत बसून जाईन. दुसऱ्या गाडीत पाय ठेवनार नाई." तिचे यजमान भोजराज धानाचे व्यापारी. त्यांच्या दारात छपराला खिडकी असलेली मोठी पांढरी गाडी उभी असते. त्या खिडकीतून प्रितमनं कमरेइतकं बाहेर यावं आणि वरातभर हात हलवावा, असा त्यांचा बेत होता. बायकोपुढे त्यांनी तो मागे ठेवला. फक्त सरांच्या लहानशा राखाडी गाडीकडे बघून म्हणाले, "मामाजी, माही काही हरकत नाई. गाडी जराशी नवरदेवाच्या लायकीची दिसली पायजे बस. लोक पाहातेत."

'लायकीची' हा शब्द सरांच्या काळजात रुतून बसला. भाच्यासाठी त्यांनी आजवर केलं काय, तर दर दिवाळीला एक रंगपेटी दिली. प्रितमला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या सगळ्या रंगपेट्या कपाटात तशाच वाळून गेल्या. मामा म्हणून चारचौघांत मिरवायची ही एकच संधी होती. ती छपरातल्या एका खिडकीपायी हातची जाऊ द्यायची नाही, असं सरांनी मनाशी ठरवलं.

आता एखाद्या साध्या माणसानं काय केलं असतं? गाडी धुतली असती, वर हार टाकला असता आणि मोकळा झाला असता. पण सरांच्या अंगात कला. 'गाडीचं रूप चाकात असतं' असा एक सिद्धांत त्यांनी स्वतःच काढला आणि नागपूरच्या जुन्या बाजारातून मोठी ऐटबाज, पाच आऱ्यांची ॲलॉय चाकं आणून बसवली. संध्याकाळी गाडी अंगणात उभी करून ते लांबून एक डोळा मिटून, अंगठ्यानं प्रमाण मापत बघत होते. तेवढ्यात शेजारचे पुंडलिकराव आले आणि नेमके चाकासमोर उकिडवे बसले. पुंडलिकराव वरठीच्या पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म भट्टीपुढे गेल्यामुळे जगातल्या कोणत्याही वस्तूविषयी बोलताना ते आधी तिचं तापमान सांगतात.

"सर, चाकं तं झकास आनले," ते म्हणाले. "पन आतमंदी हे काय दिसून राहिलं? जंगच जंग. अंगावर शालू अन् पायात फाटकी चप्पल, तसं होऊन राहिलं हे."

सरांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. जुन्या चाकांना प्लास्टिकच्या टोप्या होत्या, त्यांनी आतली लाज झाकून ठेवली होती. आता आऱ्यांच्या मोकळ्या जागेतून सगळं उघडं पडलं. पुढच्या चाकात एक लोखंडी तबकडी असते; ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी तिला चिमट्यात पकडणारा एक ठोकळा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. मागच्या चाकात पालथ्या पातेल्यासारखा ड्रम असतो. तबकडी घासली जाऊन लख्ख राहते. कॅलिपर आणि ड्रम मात्र वैनगंगेच्या तळातून उपसून काढल्यासारखे तांबडे, खपल्या धरलेले होते.

"काहीच नोका करू," मंदाबाई ओसरीतून म्हणाल्या. मंदाबाई म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. "वरातीत कोन चाकात डोकं घालून पाहाते?"

या सबंध प्रकरणात जेवढे सल्ले मिळाले त्यांतला हा सगळ्यात शहाणा, आणि म्हणूनच तो कुणी ऐकला नाही.

घरात फाटकाला लावून उरलेला ऑइल पेंट होता. रंग तो रंग, असं म्हणून सरांनी ब्रशनं चारही चाकांच्या आत दोन-दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी बाजारातून चक्कर मारून आले तर गाडीभोवती असा धूर आणि असा वास, की समोरच्या घरातून कुणीतरी पाण्याची बादली घेऊन धावत आलं. रंगाला पुरीसारखे फुगे आले होते. बोट लावलं की पापुद्रा हातात येत होता.

पुंडलिकरावांना आनंद लपवता येईना. "ब्रेक दाबला का तो तापते, सर! दोनशे डिग्री, अडीचशे डिग्री! तुम्ही फाटकाचा रंग लावला. फाटक कधी तापते काय?"

सरांनी ते पापुद्रे कागदात घेतले आणि गाडी डोमा मेकॅनिककडे नेली. डोमाचं गॅरेज सिहोरा रोडला आहे. त्यानं पापुद्रे पाहिले, सरांकडे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"ब्रेकले रंग?" तो म्हणाला. "सर, बनियानले कोनी इस्तरी करते काय जी?"

"आतून दिसतं रे डोमा."

"मंग ग्रीस थापून देतो. काळंभोर दिसन, जंगबी लागनार नाई."

ब्रेकला ग्रीस थापणाऱ्या मेकॅनिकच्या हातून आपली गाडी आजवर कशी सुखरूप आली, याचं सरांना नंतर बरेच दिवस आश्चर्य वाटत राहिलं. त्यांनी गाडी तशीच मागे घेतली आणि पेंटच्या दुकानात भैय्यालालकडे गेले. भैय्यालाल कुणालाही नाही म्हणत नाही. त्यानं फवाऱ्याचा एक डबा पुढे सरकवला. "हा घेऊन जा जी. सगळ्याले चालते. कूलर, सायकल, देवघर, गनपती." सरांनी डबा फिरवून वाचला. उष्णतेचा उल्लेख नाही. मग भैय्यालालनं सायलेन्सरचा डबा काढला. तो सहाशे डिग्री सोसणारा होता खरा, पण त्यात काळा आणि चंदेरी एवढेच रंग, आणि ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर तो टिकेल का, यावर भैय्यालाल म्हणाला, "थेंब पडूच नोका देऊ."

आठवडाभर सर हातात मोबाइल घेऊन याच अभ्यासात बुडाले. ब्रेकचा म्हणून वेगळा फवारा मिळतो. तो ताप सोसतो, ब्रेक ऑइल सोसतो, रस्त्यावरचे खडे सोसतो. मास्तरकीत वर्षं घालवलेल्या माणसाला अशा सोशिक वस्तूविषयी आपोआप जिव्हाळा वाटतो. प्रश्न उरला रंगाचा, आणि त्यावर घरात तीन मतं पडली. पुंडलिकराव म्हणाले चंदेरी, कारण भट्टीच्या दाराला चंदेरीच लावत. मंदाबाई म्हणाल्या काळा, कारण मळ दिसत नाही. तिसरं मत रुखमाआत्याचं. रुखमाआत्या म्हणजे सरांची आत्या, ऐंशीच्या पुढची. मागच्या खोलीत राहते, डोळ्यांना अंधुक दिसतं, पण लग्नाकार्याचा विषय निघाला की तिला सगळं स्पष्ट दिसतं.

"हळदीचा पिवळा लाव, बापू," ती म्हणाली. "आमच्या वक्ती वरातीच्या बैलबंडीले पिवळाच राहे."

"आत्या, राखाडीशेजारी पिवळा मरतो. राखाडीशेजारी लाल बोलतो," सर म्हणाले. रंगाच्या बाबतीत त्यांनी कुणाला जुमानलं नाही. तेवढा एकच प्रांत त्यांच्या मालकीचा होता.

लाल फवारा नागपुरात मिळाला. डबे पिशवीत घालून सर तुमसरच्या एसटीत खिडकीची जागा धरून बसले. फवाऱ्याच्या डब्यात एक गोळी असते. डबा हलला की ती टक टक वाजते. तिकीट फाडता फाडता कंडक्टरचे कान टवकारले.

"पिशवीत काय वाजून राहिलं जी?"

"रंग आहे."

"कोनता रंग?"

"ब्रेकचा."

कंडक्टरनं एक डबा काढून उजेडात धरला. "ह्याच्यावर जाळाचं चित्र हाय. पेट घेनारं सामान एसटीत चालत नाई."

खोटं बोलणं सरांच्या रक्तात नाही, पण टीका केल्याशिवाय राहणंही नाही. ते म्हणाले, "जाळाचं आहे हे खरं, पण काढलंय अगदीच वाईट. पिंपळाच्या पानासारखं दिसतंय."

कंडक्टर एकदम थबकला. "गिऱ्हेपुंजे सर ना तुम्ही? सर, तुम्हीच मले चित्रकलेत नापास केलं होतं!"

ज्या विषयात उभ्या महाराष्ट्रात कुणी नापास होत नाही, त्या विषयात सरांनी सगळ्या नोकरीत एकच मुलगा नापास केला होता. 'माझा आवडता पक्षी' या विषयावर त्यानं एसटीची बस काढली होती. तोच हा. त्यानं वाकून नमस्कार केला, मॅडम कशा आहेत विचारलं, आपल्या डब्यातला तिळाचा लाडू हातावर ठेवला आणि अतिशय आदरानं सरांना पिशवीसकट खाली उतरवलं. "नियम म्हंजे नियम, सर. तुम्हीच शिकवला," असं म्हणून त्यानं घंटी मारली.

अखेर तुमसरच्या राइस मिलला रिकामा बारदाना घेऊन परत जाणाऱ्या ट्रकनं सरांना घेतलं. ड्रायव्हर भला माणूस होता. सामानात काय आहे, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. फक्त नागपूर सुटल्यापासून तुमसर येईपर्यंत त्याच्या तोंडातली बिडी विझली नाही. एक संपत आली की तिच्यावरच तो दुसरी पेटवी. सर पिशवी पोटाशी धरून, जवळजवळ अर्धे खिडकीबाहेर बसून आले. घरी पोचले तेव्हा त्यांचा डावा अर्धा चेहरा रस्त्याच्या धुळीनं राखाडी आणि उजवा भीतीनं पांढरा झाला होता.

लग्नाआधीच्या रविवारी सकाळी कामाला सुरुवात झाली. इथं मात्र सरांना नावं ठेवायला जागा नाही. गाडी जॅकवर उचलून विटांवर नीट टेकवली, चारही चाकं काढली, तारेच्या ब्रशनं एकेक खपली घासून काढली, तेलकटपणा पुसला. तबकडीवर रंग जाऊ नये म्हणून ती कागदानं मढवली. त्यासाठी सरांनी सातवीच्या मुलांची निसर्गचित्रं वापरली. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. पुढच्या दोन्ही चाकांच्या जागी सूर्य उगवला होता. मग हात लांब धरून, पातळ पातळ थर, एक वाळल्यावर दुसरा. सर श्वास रोखून फवारत होते. पुंडलिकराव खुर्ची टाकून बसले होते आणि दर थराला अंगणातलं तापमान सांगत होते.

फक्त वाऱ्याचा विचार कुणी केला नव्हता. वारा पश्चिमेकडून आला, लालसर धुकं घेऊन सरळ ओसरीकडे गेला, आणि ओसरीपुढे बाजेवर मंदाबाईंनी नणंदेच्या घरच्या लग्नासाठी घातलेल्या मुंगवड्या वाळत होत्या.

मंदाबाई बाहेर आल्या. त्यांनी एक मुंगवडी उचलली, उलटी करून पाहिली, वरून लाल, खालून पिवळी.

"ह्या कोनाले खाऊ घालू?" त्यांनी शांतपणे विचारलं. शांतपणा हे मंदाबाईंच्या रागाचं शेवटचं टोक.

"दोनशे डिग्रीपर्यंत काही होनार नाई त्याइले," पुंडलिकराव म्हणाले आणि खुर्ची तिथंच सोडून घरी गेले.

त्या दिवशी सरांना जेवायला फक्त वरण-भात मिळाला, तोही हातात नाही, टेबलावर. पण संध्याकाळी कागद काढले तेव्हा जे दिसलं त्यापुढे उपास परवडला असता. चारही ठिकाणी एकसारखा, दाट, थेंब न ओघळलेला लाल रंग. एवढं चोख काम आपल्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, हे सरांना जाणवलं आणि त्यांना भरून आलं. रंग पक्का व्हायला एक अख्खा दिवस गाडी तशीच ठेवायची होती. म्हणून चाकं न लावता ते सोमवारी शाळेत गेले.

सोमवारी दुपारी मंदाबाई नवीन डाळ वाटायला शेजारी गेल्या होत्या. रुखमाआत्या काठी टेकत अंगणात आली. तिच्या अंधुक नजरेला दिसलं ते असं: गाडीची चाकं काढून ठेवलेली आहेत आणि आतलं लोखंड कोरडं ठणठणीत आहे. तिच्या सगळ्या आयुष्यात बंडीचं चाक एकाच कामासाठी काढत असत. चाकाच्या आसाला तेल घालायचं, त्याला म्हणतात ओंगण. आणि वरातीच्या बंडीला ओंगण घालायला विसरणं म्हणजे केवढं पाप! बंडी करकरत गेली तर नवरीकडचे लोक म्हणतात, यांच्या घरी तेलाचा थेंब नाही. वासुदेव शिकलासवरला, पण त्याला हे कोण सांगणार? त्याची आई असती तर तिनं केलं असतं.

आत्यानं स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाची बरणी आणली, लुगड्याची एक स्वच्छ चिंधी घेतली, आणि गुडघे दुखत असतानाही खाली बसून चारही जागी मनापासून ओंगण घातलं. फिरणारा भाग कोणता, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तबकडी हातानं फिरते हे तिच्या लगेच लक्षात आलं; मग तिनं ती दोन्ही अंगांनी फिरवून फिरवून चोपडली. ड्रमच्या फटीतही सोडता येईल तेवढं सोडलं. काम झाल्यावर तेलाचा हात तिनं चारही ठिकाणी टेकवला, नातवाच्या नावानं डोळे मिटले आणि आत जाऊन झोपली.

संध्याकाळी सर शाळेतून आले, वाकून बघितलं आणि हरखून गेले. "काय चमक आली आहे!" त्यांनी पुंडलिकरावांना हाक मारली. "पक्का झाल्यावर रंग उजळतो असं लिहिलं होतं, पण इतका!"

"कंपनीचा माल होय तो," पुंडलिकराव म्हणाले. चाकं चढवली गेली.

मंगळवारी हळद होती. सर स्टिअरिंगवर, शेजारी मंदाबाई, मागे रुखमाआत्या आणि नव्या मुंगवड्यांचा डबा. गल्लीच्या तोंडाशी सरांनी ब्रेक दाबला तर गाडी थांबायची तिथं न थांबता चार पावलं पुढे गेली. नवा रंग आहे, बसेल हळूहळू, असं ते म्हणाले. रंग आणि ब्रेक यांचा असा संबंध फक्त चित्रकलेच्या मास्तरालाच सुचू शकतो. पुढे गतिरोधकावर पुन्हा तसंच झालं, आणि गाडीत एक ओळखीचा वास पसरला.

"कोनाच्या तरी घरी फोडनी देऊन राहिले," मंदाबाई म्हणाल्या. "जवसाच्या तेलाची."

"शेतात कोण फोडणी देतं?" सर म्हणाले.

पण वास सोडेना. बपेऱ्याचा फाटा गेला तरी फोडणी बरोबरच होती. सिहोरा अगदी जवळ आलं आणि वळणावर शेळ्यांचा कळप रस्ता अडवून उभा. सरांनी ब्रेक दाबला. सगळा जोर लावून दाबला, गाडी मात्र तेल लावल्यासारखी पुढे निघाली, लावलंच होतं. हँडब्रेक ओढला तर तो नुसता कण्हला. शेळ्या आपल्या जागी विचार करत उभ्या. मंदाबाईंनी "अवं माय!" म्हणून डोळे मिटले. सरांनी होतं नव्हतं ते धैर्य एकवटून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी बांधावरून हलकेच उतरली आणि रस्त्याकडेला रचलेल्या तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीत बोनटपर्यंत शिरून उभी राहिली. वरून तणीस सरकत सरकत काचेवर आली आणि गाडीत अंधार झाला.

त्या अंधारात मागून रुखमाआत्याचा समाधानी आवाज आला, "पाय बापू, जराशीबी करकरली नाई. ओंगन म्या घातलं होतं. चारी चाकाले."

सर मागे वळले. तोंडाशी आलेलं वाक्य भयंकर होतं. पण आत्या डबा मांडीवर धरून इतक्या कौतुकानं त्यांच्याकडे बघत होती, की ते वाक्य त्यांनी गिळलं. मग मंदाबाई हसायला लागल्या. रविवारपासून त्या सरांशी धड बोलल्या नव्हत्या, त्या सगळ्याचं उट्टं काढून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

गंजीच्या मालकानं ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, आणि नवरदेवाची गाडी अशी ट्रॅक्टरमागून सिहोऱ्यात भोजराजांच्या मांडवापुढे येऊन उभी राहिली. आरशात तणीस, नंबरपाटीवर तणीस, सरांच्या डोक्यावर तणीस. अख्खी भावकी बघायला जमली. भोजराज गाडीभोवती एक फेरी मारून आले. नंबरपाटीवरची तणीस त्यांनी बोटानं उपसून टाकली, आणि त्याचंच सरांना जास्त लागलं. ब्रेकची गोष्ट सांगितल्यावर गावातला मेकॅनिक आला, तबकडीला चिमटणारे, तेलात भिजलेले पॅड बाहेर काढून त्यानं मान हलवली. नवे बसवल्याशिवाय ही गाडी हमरस्त्यावर न्यायची नाही, आणि ते तर उद्या वरात निघायच्या आत मिळायचे नाहीत.

सर स्वतःच भोजराजांपुढे गेले. "जवाईबापू, पोरगा तुमच्याच गाडीतून जाऊ द्या. आमची गाडी राहू द्या." आवाज सरळ ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, तो फारसा साधला नाही.

मांडवात प्रितमला हळद लावणं चाललं होतं. तिथून शकुनबाई हळदीनं भरलेले हात वर धरून बाहेर आली. "काय झालं?"

"ब्रेक नाई माह्या गाडीले, शकुन. त्यात नवरदेव कसा बसवू?"

शकुनबाईनं भावाकडे पाहिलं. आधी त्याच्या डोक्यावरची तणसीची काडी कोपरानं खाली पाडली, मग म्हणाली, "तुह्या सायकलले तरी कुठी ब्रेक होता, दादा? शाळेच्या उतारावर चपला घासू घासू थांबवत जाय तू. आई ओरडे, मी तरी रोज डंड्यावर बसतच होती ना. पडली काय कधी?"

 सर गाडीच्या पलीकडे जाऊन उगीच दार उघडून बंद करू लागले.

"वरठीले बाबाच्या गाडीत जातो," पाटावरून प्रितम ओरडला. तोंडभर हळद असल्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. "पन मारोतीले मामाच्या गाडीत!"

वरात निघायच्या आधी नवरदेव गावच्या मारोतीचं दर्शन घेतो. देऊळ तळ्याच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर. जाताना चढ, येताना उतार. बुधवारी सकाळी सरांची गाडी तणीस झटकून, हार घालून मांडवापुढे लागली. मेकॅनिकनं पॅड पुसून परत ठेवले होते, पण त्यांच्या भरवशावर राहायचं नाही असं सगळ्यांना बजावलं होतं. इंजिन बंदच ठेवायचं ठरलं. वर चढवायला भावकीनं खांदा दिला, बाजा वाजायला लागला, आणि गाडी माणसाच्या पावलानं निघाली.

आणि मग एक गोष्ट घडली, जिचा विचार सरांनीही केला नव्हता. गाडी वेगात गेली असती तर पाच आऱ्यांची मिळून एक धूसर थाळी झाली असती. आत लाल आहे की जंग आहे, कुणाला कळलंही नसतं. पण ती अशी सावकाश चालली होती, की प्रत्येक आरा हळूच बाजूला होई आणि आतला लाल रंग सगळ्या गावाला दिसे. ओट्यांवरच्या बायका वाकून बघू लागल्या. "आतमंदीबी रंगवली हो!" कुणीतरी म्हणालं, आणि ते पुढच्या ओट्याला सांगितलं गेलं, तिथून त्याच्या पुढच्या. एका म्हाताऱ्यानं बाजा थांबवून चाक पाहिलं. मागच्या सीटवर प्रितम छाती काढून बसला होता. सर स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होते. शेजारून कुणी काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं दाखवत होते, म्हणजे तो पुन्हा विचारायचा.

दर्शन झालं. आता उतार होता. चढताना ढकलणाऱ्यांनाच आता मागून धरून ठेवायचं होतं. गाडीनं तोंड खाली केलं आणि आपली आपण सरकू लागली. सरांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला, पण गाडी थांबेना.  मागे नवरदेव, पुढे तळं.

तेवढ्यात गाडी आवरली गेली. सरांनी आरशात पाहिलं. मागच्या बंपरला धरून, नवा कोरा रेशमी झब्बा आणि फेटा घालून, मागे कललेले, चपला रस्त्यावर घासत, घामाघूम झालेले भोजराज होते. त्यांच्यामागे भावकी होती, पण सगळ्यात पुढे तेच.

"मामाजी, भेऊ नोका!" ते बाज्याच्या वर ओरडले. "येऊ द्या तुम्ही गाडी. मी धरून आहो!"

सरांनी ब्रेकवरचा पाय उचलला.